ठिपकीच्या पोटातलं बिऱ्हाड

माझ्या बायकोचा थोरला भाऊ चहा कधी पहिला प्यायचा नाही. कप पुढ्यात सरकवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही घ्या आधी, दाजी." लग्नानंतर कितीतरी वर्षं मला वाटत होतं, घरच्या जावयाचा मान ठेवतोय. मी संकोचून घाईघाईने घोट घ्यायचो, जीभ भाजून घ्यायचो. मग एकदा बायको हसत म्हणाली, "मान कसला? तुम्हाला काही होतं का ते बघत असतो तो."

त्याला सगळे दादाच म्हणत. मीही म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायची कधी हिंमत झाली नाही. लिहिण्याची मला सवय नाही, आणि दादाबद्दल लिहायला माझ्यापेक्षा जवळची माणसं आहेत. पण त्याच्या ठिपकीच्या आजारपणात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बादली धरून उभा होतो, म्हणून एवढं लिहितो.

दादाची नोकरी वजनकाट्यावर होती. मालाने भरलेल्या लॉऱ्या काट्यावर चढायच्या, रिकाम्या होऊन परत यायच्या, आणि दोन्ही वजनांतला फरक तो माल. भरल्या गाडीत ताडपत्रीखाली दोन-तीन माणसं झोपवायची, रिकामी गाडी येताना ती वाटेतच उतरवायची, म्हणजे त्यांचं वजनही मालात मोजलं जाईल, ही ड्रायव्हर लोकांची नेहमीची युक्ती. दादा काठीने ताडपत्री ठोकत गाडीभोवती फिरायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "आज गाडीवर जंतुनाशक फवारायचा हुकूम आहे रे, पंप आण." लगेच ताडपत्री उठून उभी राहायची. सगळं आयुष्य त्याने असं काढलं. आणि त्याचा संशय बहुतेक वेळा खराच निघायचा, हेच वाईट झालं. वारंवार खरा ठरलेला माणूस एखाद्या वेळी चुकलो का, हे स्वतःला विचारायचं विसरून जातो.

निवृत्त झाल्यावर त्याने गाई पाळल्या. मूलबाळ नव्हतं. गोठ्यात ठिपकी, तिच्यामागे एक पाडी, आणि अगदी आतल्या कोपऱ्यात एक आटलेली म्हातारी गाय. म्हातारी मुळात आमच्या घरची. तिची आई गेली तेव्हा माझ्या बायकोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती, पुढे आमच्याकडे जागा कमी पडली म्हणून दादाकडे दिली. ठिपकी काळी, अंगभर पांढरे ठिपके, आणि त्या वेळी गाभण. दादाचा सगळा जीव तिच्यात. तो धार काढायचा तीसुद्धा भिंतीकडे पाठ करून, म्हणजे दार दिसावं. वैरणीच्या खोलीच्या कडीत गवताची एक काडी खोचून ठेवायचा. काडी पडलेली दिसली की वहिनीची उलटतपासणी.

"खोलीत कोण गेलं होतं?"

"मांजर."

"मांजर कडी काढतं?"

"तुमच्या घरात राहून शिकलं असेल," वहिनी म्हणायची.

आमचं घर त्याच्या घराला लागून. आमच्याकडे दोनच जनावरं, तांबडी आणि तिची कालवड. एकदा दावं सुटलं आणि दोघी धान्याच्या पोत्यांवर तुटून पडल्या. कालवड थोडक्यात निभावली, तांबडीने मात्र अर्धं पोतं रिकामं केलं. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, औषधं दिली, पोट धुतलं, जीव वाचला. पण गाय रवंथ करेना. तोंड मिटून भिंतीकडे बघत उभी. नाकपुडीशी गवत धरलं तर मान वळवायची.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या कुशीला कान लावला. म्हणाल्या, "आत सामसूम आहे. हिच्या पोटात जी वस्ती असते ती धान्य आंबून झालेल्या आंबटाने आणि माझ्या औषधाने मेली. ती परत वसवावी लागेल. चांगल्या गाईच्या तोंडातला चघळता घास काढा, कोमट पाण्यात कालवा आणि हिला पाजा. कालवड नको, तीही आजारातून उठलीय. शेजारी आहे की गोठा."

शेजारी होता म्हणूनच तर पंचाईत. बायको पदर खोचून निघाली, मी मागे.

"दादा, ठिपकीच्या तोंडातला एक घास दे."

"कसला घास?"

"रवंथाचा. तांबडीला पाजायचाय."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टरीणबाई."

"हं." दादाने दोन्ही डोळे बारीक केले. "औषधाच्या पेटीत सगळं मिळतं आणि नेमका माझ्या गाईच्या तोंडातला घास मिळत नाही?"

"तो कारखान्यात होत नाही, दादा."

"हेच मला खटकतं. आणि तुझे हात आता तांबडीला लागलेत. ते माझ्या गाभण गाईच्या तोंडात घालायचे?"

"तांबडीला रोग नाही रे, अजीर्ण झालंय. हावरटपणा केला."

"हावरटपणाही लागतो."

आतून वहिनी म्हणाली, "द्या की हो. घास गाईच्या तोंडचा आहे, तुमच्या नाही."

"तू मधे पडू नकोस. आज घास न्यायला आलीय, उद्या शेपूट नेईल."

माझ्या बायकोने खोचलेला पदर सोडला. सख्खा भाऊ, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्याने तिच्या हातांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी काट्यावर पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा दुधाची कॅन सायकलला अडकवून डेअरीत गेला. बायकोने कोपरापर्यंत हात साबणाने घासले. मला म्हणाली, "अहो, कोमट पाण्याची बादली घ्या." वहिनी ओट्यावर धान्य निवडत बसली होती. आम्हाला बघून तिने पाठ फिरवली आणि भिंतीला सांगितलं, "मला काही दिसत नाही बाई आजकाल."

ठिपकी आरामात बसून चघळत होती. बायकोने एका हाताने तिचा जबडा धरला, दुसरा हात गालाच्या कडेने, जिथे दात नसतात तिथून आत घातला आणि हिरवा लगदा ओढून काढला. ठिपकीने नुसतं बघितलं, आणि पोटातून दुसरा घास वर आणून चघळायला लागली. दोन-तीन घास बादलीत पडले. आणि दारात अंधार झाला.

अर्ध्या वाटेवरून परत येणं ही दादाची जुनी सवय. मी हे विसरायला नको होतं, पण विसरलो. तो दारात उभा. बायकोच्या मनगटावरून हिरवी लाळ ठिबकत होती. मी वाट पाहत होतो की आता ओरडेल. तो बाजूला झाला आणि आम्हाला जायला वाट दिली, एवढंच. तो ओरडला की बरं. गप्प बसला की समजावं, आत जातं फिरायला लागलंय.

तांबडीला ते पाणी पाजलं. पुन्हा मागायला किंवा चोरायला तोंड नव्हतं, म्हणून जे मिळालं त्यावरच वाट बघत बसलो. एका सकाळी तिचा जबडा हलताना दिसला आणि बायको गोठ्यातच मटकन बसली.

शेजारी मात्र निराळीच धावपळ चालू होती. दादाने वैरणीच्या खोलीतलं जुनं गवत, भुसा, रोजचा खुराक सगळं ओढून रस्त्यावर फेकलं. गव्हाण चुन्याने घासली. टेम्पो भरून नवा खुराक आणला, कारखान्यात शिवलेली पोती, दाणेदार, चकचकीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला टाके दाखवायचा, "बघा, कुणाचा हात लागलेला नाही." त्याच दिवसापासून ठिपकीपुढे फक्त तो खुराक, आणि तोही भरपूर. गाभण आहे, भीतीने खंगली असेल, म्हणून वाटी वाटी जास्त. म्हातारीला मात्र त्यातला दाणा दिला नाही. वहिनीने विचारलं तर म्हणाला, "आटलेल्या गाईला कोण विष घालतंय?" तिच्यापुढे दावणीखालचं उरलंसुरलं गवत टाकत राहिला.

आणि डेअरीत, रांगेत उभा असताना, समोर बघत म्हणायचा, "माझ्या गाईला काही झालंच, तर कुणाचा हात होता ते मी या डोळ्यांनी पाहिलंय." नाव घेत नसे. नाव न घेतलं की लोक दुप्पट कान देतात. माझ्या बायकोची कॅन माप घेणारा नाकाशी नेऊन हुंगायला लागला. तिने घरी येऊन सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं.

आणि ठिपकीला झालंच. वहिनी आमच्या दारात आली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. "धाकटे, चल गं. गाय खात नाही, चघळत नाही, डावी कूस ही एवढी फुगलीय, दात खातेय. आणि हे डॉक्टरला बोलावू देत नाहीत. म्हणतात ती त्यांच्याच बाजूची."

बायको म्हणाली, "वहिनी, मी आले तर गाय गेली तरी माझ्या माथी आणि जगली तरी माझ्या माथी."

"मग जगल्याची तरी येऊ दे माथी."

बायकोने आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला, मग पायात चप्पल घातली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा दादा गोठ्याच्या दारात हातात एक बाटली घेऊन उभा होता. बाटलीत ठिपकीची लाळ. "हे तपासा आधी," तो म्हणाला. "गाय नंतर."

"यात काय आहे?"

"ते तुम्ही सांगायचं. काय कालवलं ते."

त्यांनी बाटली घेतली, खिडकीत ठेवली आणि सरळ आत गेल्या. ठिपकी पाठीची कमान करून उभी होती. शेण पातळ, आंबूस वासाचं. डॉक्टरीणबाईंनी कुशीला कान लावला, मूठ दाबून बघितली. मग विचारलं, "हिच्या खाण्यात काय बदललं?"

दादाला हा प्रश्न आवडला. त्याने अभिमानाने सगळं सांगितलं. जुनं कसं एका दिवसात बाहेर काढलं, चुना कसा लावला, टाके कसे तपासले.

"एका दिवसात?"

"एका सकाळीच."

"दादा, विष तुम्हीच घातलंत."

मी जमिनीकडे बघितलं. वहिनीने पदर तोंडाशी नेला. दादा शांतपणे म्हणाला, "पोत्याचे टाके शाबूत होते."

"पोत्यात काही वाईट नाही. चांगला खुराक आहे. पण तो खाणारे हिच्या पोटात नव्हते."

"खाणारी ही आहे."

"नाही. गवत गाईला पचत नाही, तुम्हा-आम्हाला पचत नाही तसंच. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, असंख्य. गवत ते खातात. त्यांनी खाऊन जे टाकलं त्यावर गाय जगते. आणि पुढच्या पोटात गेले की त्यांनाही पचवते."

दादा वाकून ठिपकीच्या पोटाकडे बघायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या गाईच्या पोटात कुणी राहतंय. मला न विचारता."

"वासरू असल्यापासून. आईने चाटलं, इतर गाईंची लाळ लागली, तेव्हापासून."

"आणि ती त्यांना पाळते, की ते तिला?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं? मालक एकच असतो."

डॉक्टरीणबाई पिशवीतून नळी काढत म्हणाल्या, "इथे नाही. ती त्यांना ऊब देते, चघळून चघळून लाळ पाठवते, म्हणजे आत आंबट साठत नाही. ते तिला ताकद देतात. ती जे खाईल त्यावर आत कोण वाढणार ते ठरतं, आणि आत कोण वाढलंय त्यावर तिला काय सोसवेल ते. गवतावर पोसलेलं जुनं बिऱ्हाड होतं. हळूहळू, आठवडा-दोन आठवडे जुन्यात नवं मिसळत गेला असतात तर तेही बदललं असतं. तुम्ही एकदम दाण्याचा ढीग टाकलात. दाणे खाऊन आंबट करणारे माजले, जुने त्यात मेले. आता आत सगळं आंबलंय."

"म्हणजे हे काम घरभेद्यांचं."

"घरभेदी कोणी नाही हो दादा! पाहुणचार चुकला."

त्याला ते पटलं असं मला वाटत नाही. पण गाय दात खात होती आणि तो आवाज त्याला ऐकवत नव्हता. त्याने विचारलं, "वाचेल?"

"आज चघळायला लागली तर. नाहीतर हीही जाईल आणि पोटातलं वासरूही."

दादाने स्वतःच ठिपकीचं डोकं धरलं.

खायचा सोडा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडला. कुशीतून वारा निघाला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता वस्ती. जुन्या गवतावरची गाय हवी. तांबडी नको, ती अजून कच्ची आहे. पाडीला नवा खुराक दिलात?"

"दिला." दादाचा आवाज खाली गेला होता. "म्हातारीला नाही दिला."

सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. म्हातारी निवांत बसून उरलंसुरलं गवत चघळत होती.

"मी काढतो," दादा म्हणाला. बाह्या सरसावून तो तिच्यासमोर बसला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि घास गिळून टाकला. तो थांबला. तिच्या गळ्यातून नवा घास वर सरकताना आम्हाला दिसला. दादाने हात पुढे केला, तिने गिळला. तो मागे सरला की चघळायची, पुढे झाला की दातखीळ. शेवटी त्याने जबडा धरला तर तिने मान अशी झटकली की तो शेणात बसला.

"तुझ्यावर गेलीय," माझी बायको म्हणाली. त्या दिवसातलं तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

वहिनीला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात दडवलं. दादा उठला, पण मागची बाजू झटकली नाही. ठिपकी कण्हली. तो तिच्याकडे बघत होता, आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, "धाकटे, तू काढ."

बायको जागची हलली नाही. "मी हात घातला आणि ही गेली, तर डेअरीत काय सांगशील?"

दादाने ठिपकीच्या फुगल्या कुशीवर हात ठेवला. "सांगेन, मी सांगितलं म्हणून घातला."

"सगळ्यांसमोर?"

"रांगेत. मोठ्याने."

तिने हात धुतले. तरीही दादा म्हणालाच, "हात दाखव." तिने दोन्ही हात पुढे केले, उलटे, सुलटे, बोटं फाकवून. त्याने वाकून नखं बघितली. मला राग आला, मी बोलणार होतो, पण तिने डोळ्यांनी मला गप्प केलं. मग ती म्हातारीजवळ उकिडवी बसली, तिच्या कानामागे खाजवलं, काहीतरी पुटपुटली. म्हातारीने तिच्या खांद्यावर लाळ गाळली आणि चघळत राहिली. हात गालातून आत गेला आणि भरून बाहेर आला. असं चार-पाच वेळा. प्रत्येक घास बादलीत पडण्याआधी दादा हुंगून बघत होता.

"काय वास येतोय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गवताचा," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "कुजक्या गवताचा. पण गोडसर."

"तोच हवा."

पाणी पाजलं. ठिपकीसमोर जुन्या गवताची मूठ टाकली. रस्त्यावर फेकलेल्या ढिगातलं चांगलं चांगलं मीच वेचून आणलं होतं. डॉक्टरीणबाई पुढच्या गोठ्यावर गेल्या. आम्ही चौघं उलट्या बादल्यांवर, पोत्यांवर बसून राहिलो. वहिनीने चहा आणला. दादाने कप हातात धरला तो थंड होईपर्यंत, कोणी आधी प्यायलं की नाही हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. एकदा हळूच मला म्हणाला, "दाजी, आपल्याही पोटात असतील का हो हे?"

"डॉक्टर म्हणतात असतात."

"मग मला अधूनमधून गोड खावंसं वाटतं, ते कोणाला वाटतं?"

तो आपल्या पोटाकडे ताडपत्रीकडे बघावं तसा बघत राहिला.

ऊन दारातून निघून ओट्यावर गेलं तेव्हा ठिपकीने लांब ढेकर दिली. आंबट वास गोठाभर पसरला. मग तिच्या मानेखालून एक गाठ वर सरकत गेली, जबडा बाजूला गेला आणि परत आला. पुन्हा गेला. वहिनीने देवाचं नाव घेतलं. माझी बायको उठली, बादली विसळली, खांद्यावरची लाळ पदराने पुसली आणि दाराकडे निघाली. मीही उठलो.

"धाकटे," दादा मागून म्हणाला. तो ठिपकीच्या जबड्याकडेच बघत होता. "तो घास उद्या परत पाजायचाय ना?"

"उद्या आणि परवाही."

"मग ये सकाळी." ती उंबऱ्यावर थांबली. त्याला आणखी काही बोलायचं होतं हे त्याच्या पाठीवरून कळत होतं, पण आलं ते एवढंच, "पण मी डेअरीतून आल्यावर ये. मी असताना."

आमच्या फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "डेअरीत जाणार आहे म्हणाला. बघू, रांगेत मोठ्याने बोलतो का ते." दुसऱ्या दिवशी ती आपली कॅन घेऊन नेहमीपेक्षा लवकर गेली आणि रांगेत त्याच्या बरोबर मागे उभी राहिली.